भाटीबाईंचं येणं-जाणं

२ नोव्हेंबर, रविवार
हिंगोलीजवळच्या पुसेगावात पोचले. बँकेची सहा महिन्यांची बदली. तेवढ्यापुरत्या दोन खोल्या, वर पत्रा, समोर मालकांची ओसरी. मालकीणबाई सत्यभामाबाई, त्यांचे यजमान भुजंगराव, आणि शेळ्या.
दारातच त्यांनी विचारलं, "एकट्याच ना म्याडम? संगं आनखी कोनी न्हाई ना?" मी म्हणाले, "कोणी नाही." हातात झाकलेली टोपली होती. टोपलीत पंडित आणि करंजी, माझी मांजरं. "हे काय?" "पुस्तकं," मी म्हणाले.
आता विचार करतेय. आजोबांनी चौथीपर्यंत मला घरीच शिकवलं, सर्वनामं फार जपून वापरायला लावली. 'कोणी' हे माणसासाठी, इतरांसाठी 'काही'. म्हणजे मी खोटं बोलले नाही. 'पुस्तकं' हे मात्र खोटं. प्रायश्चित्त म्हणून संध्याकाळचा चहा घेतला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
नाशिकहून बाबांचा फोन, देवळातली पूजा आटोपून. म्हणाले, भाड्याच्या जागेत दोन मांजरं सांभाळणं हा पोरखेळ नव्हे. एक जरी बाहेर गेलं, किंवा मालकांची एक जरी तक्रार आली, तर ते स्वतः येऊन दोघांना नेणार आणि मामाच्या धान्याच्या गोदामात उंदरांवर सोडणार. करंजी उंदराला घाबरते. झुरळालाही घाबरते. हे बाबांना सांगून उपयोग नाही.
मी सांगितलं, काळजी नको, मी सगळं वाचलंय. सुरुवातीला एकच खोली द्यायची, अंगाचा वास असलेली जुनी चादर धुवायची नाही, जेवणाच्या वेळा पाळायच्या, लपायला खोका ठेवायचा. सगळं केलंय. खिडकीला जाळी ठोकली. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये एक फट सापडली, तिथे जुनी ओढणी कोंबली. आता मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही.
पंडितचं ऑपरेशन झालंय, करंजीचं राहिलंय. घराबाहेर जाणारच नाही तर कशाला बिचारीला कापाकापी?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मांजरांच्या शी-शूसाठी घमेलंभर रेती आणली. सत्यभामाबाईंनी पाहिलं. "काहून आनली?" मी म्हणाले, झाडं लावायची आहेत. त्यांनी लगेच कढीपत्त्याचं रोप आणून दिलं. लावणं भाग पडलं. पंडित त्याला दिवसातून तीन-चारदा पाणी घालतो. रोप खूश दिसत नाही.
बँकेतून आले तर ओढणी खाली पडलेली. इथे वारा फार.

१२ नोव्हेंबर, बुधवार
करंजी जेवत नाही. पंडित दोघांचं जेवतो. वाचलं की नव्या जागेत मांजरांना स्ट्रेस येतो. उद्यापासून रोज अर्धा तास खेळ: दोरी, कागदाचा बोळा, पिसं. एनरिचमेंट म्हणतात त्याला.
सत्यभामाबाई सहज म्हणाल्या, "भाटी आली व्हती आज." मी "हो का" म्हणाले. कोणी राजस्थानी कुटुंब असावं. नाशिकला आमच्या पेठेत एक भाटी होते, रेडिओ दुरुस्त करायचे. सज्जन माणूस.
ओढणी पडली होती. परत कोंबली.

१६ नोव्हेंबर, रविवार
एनरिचमेंट झालं. मी दोरी ओढत खोलीभर पळाले. पंडित बघत होता. करंजी झोपली होती. मला दम लागला.
सत्यभामाबाईंशी बोलणं झालं. या भाटीबाई रोज येतात, फक्त शनिवार-रविवार कधीमधी नसतात. उघड आहे, नवऱ्याला सुट्टी असणार. पण काय हो बाई! "येते, वाटीभर दूध पेते, मंग यांच्या बाजेवर पायापाशी पडून ऱ्हाते." भुजंगरावांच्या बाजेवर! आणि सत्यभामाबाई हसत सांगतात! म्हणाल्या, "यांना बी करमत न्हाई तिच्याबिगर."
बिचारी बाई. हसण्याआड किती दुःख असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
करंजी अजून जेवत नाही. वजन मात्र वाढतंय. हवापाण्याचा परिणाम. मराठवाड्याची हवा तिला मानवलेली दिसते. बाबांना अभिमानाने कळवलं.
तिच्या अंगाला शेळीचा वास येतो. खिडकीतून येत असणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार
धीर करून सत्यभामाबाईंना सांगितलं, "काकू, त्या भाटीला घरात घेऊ नका. दाराला कडी लावत जा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांच्या शेळीला दगड मारला. "काहून? तिची काय तकलीफ हाय आमाला?" मी म्हणाले, "आज दूध पिते, उद्या घराचा ताबा घेईल." "घेतला तं घेतला," म्हणाल्या आणि आत गेल्या.
इतका सोशिकपणा बरा नव्हे. तरी मी माझं कर्तव्य केलं.

१३ डिसेंबर, शनिवार
धक्का. सत्यभामाबाई सकाळी म्हणाल्या, "भाटी गाभण हाय वाटते."
बाईमाणसाला गाभण! शेळ्यांत आयुष्य गेलेल्या बाई, शब्द निवडायची सवय नाही, हे समजू शकते. पण शब्द बाजूला ठेवला तरी बातमी तीच. मी भीतभीत विचारलं, "कोणाचं?" त्या म्हणाल्या, "आता ते कोनाला ठाऊक? गल्लीत काय कमी हायेत!" आणि खो खो हसल्या. मागून भुजंगराव म्हणाले, "आमच्या घरी बाळंत झाली तरी चालते."
मी खोलीत येऊन पाणी प्यायले. करंजीला मांडीवर घेतलं. म्हटलं, तू आहेस म्हणून, नाहीतर या जगात निर्मळ काही उरलं नाही. ती जड झालीये. पायाला मुंग्या आल्या.

२१ डिसेंबर, रविवार
मन बदललं. बाळाचा काय दोष? आणि निवाडा करणारी मी कोण? मी स्वतः 'पुस्तकं' म्हणालेली आहे. ठरवलं की भाटीबाईंची ओटी भरायची. लाजऱ्या असतील, मी असताना कधी समोर येत नाहीत. सत्यभामाबाईंच्या हाती देईन.

१ जानेवारी, गुरुवार
नव्या वर्षाचे संकल्प: करंजीला डाएटवर ठेवणे. ओढणीऐवजी सिमेंट लावून घेणे. खोटं न बोलणे.
बाबांचा फोन: ते दहा तारखेला येणार, मांजरं तपासायला. म्हणाले, "दोन्ही डोळ्यांनी बघीन, मग बोलू." मी म्हणाले, अवश्य या.

८ जानेवारी, गुरुवार
हिंगोलीहून हिरवा खण, नारळ, गहू, पाच फळं आणली. पंडितने केळं हुंगलं.
गवंडी मिळाला नाही. सिमेंट राहिलं.

९ जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी घरी आले. ओढणी खाली. पंडित खोक्यात. करंजी नाही.
पलंगाखाली, कपाटात, बादलीत, कढीपत्त्यामागे. नाही. फटीकडे नीट पाहिलं तर कडेला करंजीचे केस चिकटलेले. बरेच. वारा नव्हता तो.
गल्लीत गेले. हळूच हाक मारत: "करंजी... करंजी..." चौथ्या घरातून एक बाई बाहेर आली, म्हणाली, "खोबऱ्याची हाय का रव्याची? कशी दिली?" मी म्हणाले, विकायची नाही. ती म्हणाली, "मंग वरडून काहून राहिल्या?" रस्त्यापर्यंत गेले. ट्रॅक्टर जात होते, कुत्री बसली होती.
सत्यभामाबाईंना विचारता येत नाही. विचारलं तर कबूल करावं लागेल.
उद्या बाबा. सांगेन की करंजी कपाटात झोपलीये. नाही, संकल्प आहे. मग काय सांगू?

१० जानेवारी, शनिवार, दुपार
सगळं क्रमाने लिहिते.
बाबा सकाळी नऊ वाजता आले. पंडितला पाहिलं, "हा ढोल झालाय," म्हणाले. "दुसरी?" मी चहा ठेवला. "दुसरी कुठे आहे, देवश्री?" मी साखर शोधली. "देवश्री." तेवढ्यात दारात सत्यभामाबाई. "म्याडम, भाटी बाळंत झाली! तीन झाले!"
तीन! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक तर करंजीचं रडू आतच होतं, आणि त्यात तिळं. "कुठे झाली?" "आमच्याच बाजेखाली." बाजेखाली! इतकी गरिबी! मी म्हणाले, "बाबा, आधी हे महत्त्वाचं." ओटीचं ताट घेतलं. बाबा काही न कळून मागे आले.
ओसरीवर भुजंगराव जमिनीवर बसले होते, बाज मोकळी सोडून. मी म्हणाले, "भाटीबाई कुठे आहेत?" सत्यभामाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. "भाटी... बाई?" मग बाजेखाली बोट केलं.
गोणपाटावर करंजी. पोटाशी तीन ओले बोळे. करंजीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.
मी म्हणाले, "ही तर मांजर आहे." सत्यभामाबाई म्हणाल्या, "मंग भाटी म्हंजे काय ऱ्हाते? बोका तो बोका, भाटी ती भाटी. तुमच्या नाशकात काय म्हंतेत?" बाबा म्हणाले, "मनी." मी ताट धरून उभी होते.
त्या पदर तोंडात धरून बसल्याच खाली. हसू आवरेना. मग राग आठवला. "तुमची भाटी आन् तुमीच म्हनल्या घरात घेऊ नका, कडी लावा! मला लई राग आला व्हता बराबर. म्हनलं, बाई हाय का दगड!" मी म्हणाले, तुम्हाला माहीत होतं, ती माझी? "पहिल्या दिवशीच. तुमची पुस्तकं म्याव करत व्हती की. लपवून राहिल्या तं आमी कशाला बोलावं? लाज वाटत असंल पोरीला."
भुजंगरावांनी विचारलं, तो नारळ कोणासाठी आणला? मी त्यावर खण पसरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. भुजंगरावांबद्दल मला काय वाटत होतं हे मात्र कळू नये, अशी देवाला प्रार्थना.

१० जानेवारी, संध्याकाळ
बाबा बोलल्याप्रमाणे वागणारे. म्हणाले, मांजर बाहेर गेलं, नुसतं गेलं नाही, व्हायचं ते सगळं झालं. उद्या टोपली बांध, पाचही जण गोदामात. मी 'हो' म्हणाले. नियम तो नियम.
सत्यभामाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोन न्हेते? बाळंतीन हाय ती. सव्वा महिना न्हाई हलायची माझ्या घरातून. तुमच्या घरी बाळंतिनीला दुसऱ्या दिवशी यष्टीत बसवतेत का, गुरुजी?" बाबांनी देवळातल्या चाळीस वर्षांच्या सेवेत असा प्रश्न ऐकला नसावा. ते म्हणाले, "नाही, तसं शास्त्र नाही." "मंग?"
बाबांनी बाजेखाली वाकून पिल्लं पाहिली. एक त्यांच्या बोटाला चिकटलं. ओटी त्यांच्याच सांगण्यावरून भरली: गहू शेळीला, केळं भुजंगरावांना, खण पिल्लांखाली. नारळ सत्यभामाबाईंनी फोडला.

११ जानेवारी, रविवार
बाबा गेले. जाताना सत्यभामाबाईंना म्हणाले, मांजरांचं तुम्ही बघताच आहात, जमलं तर हिच्याकडेही लक्ष ठेवा. मी ऐकलं नाही असं दाखवलं.
पंडितही ओसरीवर गेलाय. दारातून, सरळ. आता फट बुजवायची गरज नाही.

१८ जानेवारी, रविवार
ऑपरेशनसाठी हिंगोलीच्या डॉक्टरांना फोन केला. पिल्लांचं दूध सुटल्यावर आणा म्हणाले. यावेळी पुढे ढकलणार नाही.
सध्याचं रूटीन: करंजीने दिवसातून दोन वेळा तरी माझ्या खोलीत यावं. घरची सवय तुटता कामा नये. चादर अंथरली, वाटी ठेवली, दारात बसून हाक मारली, "करंजी!" ओसरीवरून तिने कान हलवला. "करंजी, ये!" काही नाही. तिसऱ्यांदा मारली तर चौथ्या घरातली बाई डोकावली.
ती आत जाईपर्यंत थांबले. भुजंगराव झोपलेत ना, ते पाहिलं. मग अगदी हळू म्हटलं, "भाटी."
लगेच आली. वाटी हुंगली, आणि सत्यभामाबाईंकडे दूध प्यायला निघून गेली.