टोमॅटोच्या लॉरीचा भोंगा

कास्टेल, गर्न्सी
१४ जुलै, रविवार, संध्याकाळ

चि. ज्यूडला, आईचे खूप आशीर्वाद.

सिग्ने कशी आहे? छोट्या अल्माचा खोकला थांबला का? कांद्याचा रस मधात घालून चाटव म्हणावं सूनबाईला, डॉक्टर काही का म्हणेनात. आणि दुपारी झेल घेताना तुझ्या बोटाला लागलं, त्यावर बर्फ लावलास का? इतक्या लांबून मला नीट दिसलं नाही, पण तू हात झटकलास तो लहानपणी झटकायचास तसाच. शाळेत सिस्टर अगाथा आम्हाला सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी, आपलं रडगाणं मागाहून. म्हणून आधी तुझं विचारून घेतलं.

इकडे सगळं ठीक आहे. सामना संपला आणि समुद्रावरून धुकं आत आलं. आता खिडकीतून फाटकसुद्धा दिसत नाही. शेजारचा लेन ओझिए कुंपणापाशी येऊन ओरडून गेला, "रोझ, विमानं बंद! तुझे डेन्मार्कवाले अडकले बघ. उद्या दुपारपर्यंत कुणी उडत नाही." जन्मात पहिल्यांदा मला धुक्याचे पाय धरावेसे वाटले. हे पत्रही मी लेनच्याच हाती तुझ्या हॉटेलवर पाठवते आहे. तो वाटेत कुणाकुणाशी गप्पा मारत बसला नाही, तर तुला रात्रीच्या जेवणाआधी मिळेल.

तू म्हणशील, दहा मिनिटांच्या अंतरावरच्या मुलाला पत्र कसलं लिहितेस, फोन कर. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला म्हणशील, "बाबांना दे ना." आजच्या सामन्यानंतर तर नक्कीच म्हणशील.

मंगळवारी आपण गावात कॉफी प्यायला भेटलो, तेव्हा तू घरी येतो म्हणाला नाहीस आणि मीही ये म्हणाले नाही. तुझ्यासाठी गॉश भाजून आणली होती, गोड पावासारखी, मनुका भरपूर घातलेली. तू तिथेच, हॉटेलच्या रुमालावर ठेवून, लोणी न लावता दोन जाड तुकडे खाल्लेस. उरलेली संघातल्या मुलांसाठी घेऊन गेलास. निघताना विचारलंस, "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." तू हसलास, जरा कडवटच. "म्हणजे अजून रागावलेलेच." मी पर्स उघडून किल्ल्या शोधत राहिले. किल्ल्या माझ्या हातातच होत्या.

आज पहिल्यांदा तू आपल्याच बेटाविरुद्ध, आपल्याच मैदानावर खेळणार होतास. मी सकाळी लवकर गेले आणि बाबांची निळी गाडी बाबांच्याच जागी लावली, गोलंदाजामागच्या पांढऱ्या पडद्याच्या डावीकडे, सीमारेषेला नाक टेकवून. ती जागा अजून कुणी घेत नाही. इतकी वर्षं झाली, आपल्या लोकांना गाडीतच बसून क्रिकेट बघायचं असतं, काचा खाली करून, थर्मास मांडीवर घेऊन. या वीस-वीस षटकांच्या स्पर्धेसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, टीव्हीवाले आले होते, प्रत्येक चौकाराला कसलं तरी धडाधडा संगीत लागत होतं. खुर्च्यांवर पाहुणे बसले. आपण सगळे गाड्यांत.

लेन शेजारीच होता. म्हणाला, "काय गं रोझ, आज कुठल्या बाजूची?"

"मी चहाच्या बाजूची," म्हटलं आणि त्याला कप दिला.

"तसं नाही चालायचं. पोरगा समोर लाल टोपी घालून उभा आहे. आपली हिरवी आहे."

"मला रंग दिसतात, लेन."

"दिसतात गं, पण ऐकू काय येणार तेच बघायचंय." आणि तो बाबांच्या भोंग्याकडे बघून हसला.

तो भोंगा तुला ठाऊकच आहे. तुझ्या आजोबांच्या टोमॅटोच्या लॉरीचा. काचघरं विकली, लॉरी भंगारात गेली, तेव्हा बाबांनी तेवढा काढून घेतला आणि आपल्या गाडीला बसवला. बेटाच्या फलंदाजाने चौकार मारला की सगळ्या गाड्या वाजायच्या, पण सगळ्यांच्या वर बाबांचा. बंदरात बोट शिरावी तसा. तू सोळा वर्षांचा असताना हिरवी टोपी मिळाल्यावर पहिला चौकार मारलास, तेव्हा बाबांनी तो इतका वेळ दाबून धरला होता की पंचांनी येऊन काचेवर टकटक केलं.

आणि मग तो स्वयंपाकघरातला दिवस. तू टेबलावर डेन्मार्कची लाल टोपी ठेवलीस. बाबा म्हणाले, "लाल रंग तुला शोभत नाही." तू म्हणालास, "बाबा, बायको तिकडची, पोर तिकडची, नोकरी तिकडची. मी खेळू कुणाकडून?" बाबा म्हणाले, "खेळ की. कुणी अडवलंय? फक्त माझ्या भोंग्याची वाट बघू नकोस." तू टोपी उचललीस आणि घेवडा रात्रभर शिजवून केलेली माझी बीन जार टेबलावर तशीच निवत राहिली. त्यानंतर तू बाबांशी बोलला नाहीस आणि बाबा तुझ्याशी.

तू आज पाचव्या क्रमांकावर आलास. लेनचा पुतण्या गोलंदाजी करत होता. पहिले दोन चेंडू तू नुसते अडवलेस. तिसरा जरा बाहेर होता. तू मागच्या पायावर जाऊन तो असा कापलास की मला चेंडू दिसलाच नाही, फक्त आमच्या चाकापाशी फळी वाजली. फटका थेट बाबांचा, मनगट शेवटी वळवण्याची लकबसुद्धा.

खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते संगीतही वाजलं. पण गाड्यांची सगळी रांग गप्प. ती शांतता परक्या माणसाला कळणारही नाही. मला कळली आणि तुला कळली. तू चेंडू आणायला गेलेल्या मुलाकडे बघितलं नाहीस, धावफलकाकडे बघितलं नाहीस. तू गाड्यांच्या रांगेकडे बघितलंस, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मान खाली घातलीस.

मी भोंगा दाबला.

बेटभर ऐकू गेला असेल. गाड्यांच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. लेनच्या हातातला चहा त्याच्या पँटवर सांडला.

"अगं ए! हात लागला की काय चुकून?"

"नाही."

"पुन्हा दाब मग. अर्धवट काय दाबतेस, म्हातारीसारखी?"

"तू पण दाब की."

"मी? छे! माझा पुतण्या आहे तो. त्याची आई मला जेवायला बोलवायची नाही."

दुसऱ्या कुणीही वाजवला नाही. मी एकटीनेच पुन्हा दाबला, या वेळी चांगला लांब. आणि तू बॅट उंच केलीस, सरळ निळ्या गाडीकडे. हेल्मेट काढलंस, बाहीने तोंड पुसलंस. तुझ्या सोबत्याला वाटलं असेल घाम आला.

तुम्ही शेवटच्या षटकात हरलात, त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. बेट जिंकल्याचंही बरं वाटलं. दोन्ही एकाच पोटात कसं मावतं, देव जाणे.

मग गाडी वळवताना फोनवर तुझा निरोप आला. "आई, बाबांना सांग, ऐकू आला." एवढाच. मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही.

आणि खरं सांगते, मी तो तसाच राहू देणार होते. मनात म्हटलं, पोरगा इतक्या वर्षांनी हलक्या मनाने परत जाईल, आपलं काय जातं? दुपारच्या उन्हात काचेवर चकाकी होती, आत कोण बसलंय ते तुला दिसलं नसणार. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून मी बाबांची टोपी घातली होती. तुला टोपी दिसली. मी तुला काहीच खोटं सांगितलं नव्हतं. पण सिस्टर अगाथा म्हणायच्या, समोरचा चुकतोय हे दिसत असताना आपण गप्प बसणं, ही सावकाश मारलेली थाप आहे. अशा सावकाश थापा मी तुला दोन नाताळ मारत आले, ज्यूड. "बाबा बागेत आहेत." "बाबा आत्ताच आडवे झालेत." तू समजत राहिलास, ते फोनवर येत नाहीत. मी तुला तसं समजू दिलं.

बाबा घरी नसतात. कोबोच्या समुद्रासमोर ते वृद्धांचं घर आहे ना, तिथे त्यांना खोली मिळाली आहे. आधी ते दुकानाचा रस्ता विसरले, मग लेनचं नाव. मग एका सकाळी मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" सगळ्या बेटाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या तुला. मी गावच्या बाजारातल्या बायकांना, लेनला, पाद्रीबाबांनासुद्धा शपथ घातली होती, तुला कुणी कळवायचं नाही.

का, ते सांगते. सुरुवातीला बाबांना समजत होतं आपल्याला काय होतंय ते. एकदा बागेत बसलो होतो. म्हणाले, "पोराला कळवू नकोस, रोझ. कीव करून आलेला मुलगा मला नको. भांडायला आलेला हवा." मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं, तू येशील लवकरच भांडायला. तू आला नाहीस आणि मग भांडायला बाबाच उरले नाहीत.

आज मैदानावरून मी थेट त्यांच्याकडे गेले. ते खिडकीत बसले होते, पायांवर शाल. मी म्हटलं, "हेडली, आज ज्यूड खेळला."

"शाळेच्या संघात घेतला का शेवटी?"

"घेतला. कट मारून चौकार मारला त्याने."

"मागच्या पायावर?"

"मागच्या पायावर."

त्यांनी शालीवरचा हात उचलून मनगट वळवून दाखवलं, अगदी बरोबर. मग विचारलं, "भोंगा वाजवलास ना?" आणि मी काही बोलायच्या आतच, "दुधाच्या बाटल्या आत घे गं, ऊन लागेल." बाहेर धुकं होतं.

हे वाचून तुला वाटेल, बाबांनी तुला माफ केलं. तसं मी तुला सांगणार नाही. बाबांच्या डोक्यात ते भांडण अजून व्हायचंच आहे. तिथे तू शाळेत आहेस आणि तुला यायला उशीर झालाय, एवढंच. रोज दिवे लागायच्या वेळी ते मला विचारतात, पोरगा सरावाहून आला का? मी म्हणते, येतोय.

तू आलास तर ते तुला ओळखतील का, मला माहीत नाही. कदाचित तुला डॉक्टर समजतील आणि गुडघा दाखवतील. उपयोग काय, असंही म्हणशील. मला फक्त इतकंच कळतं की एकदा तरी मला "येतोय" म्हणायच्या ऐवजी "आला" म्हणायचंय. घरी आल्यावर मी दिवे लावते, दोघांचा चहा टाकते, मग एक कप मोरीत ओतून देते. हे कुणाला तरी सांगायचं होतं. तुलाच सांगायचं होतं.

उद्या न्याहारीनंतर मी निळी गाडी घेऊन तुझ्या हॉटेलखाली येईन. धुक्यात तुला ती दिसणार नाही कदाचित, म्हणून भोंगा एकदा वाजवीन. एकदाच, लांब. रागावला असशील तर रागावूनच ये. बाबांना तसाच हवा होतास. नाही आलास तरी मी समजून घेईन आणि तुझं विमान उडेपर्यंत कोबोला त्यांच्याजवळ बसेन.

पण या वेळी गाडीत कोण आहे ते ओळखून खाली ये, राजा. शेजारची जागा रिकामी आहे.

भोंगा वाजवणारी,
तुझी आई