बाबांच्या हातचे आकडे

चाकण, ता. ११ मार्च २०२४

ती. आजीस,
मिनलचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. टेस्टिंगसाठी मला बाबांच्याच कंपनीत पाठवलंय. जो ट्रान्सफॉर्मर फुटून बाबा गेले, त्याच्या शेजारचा अजून चालू आहे. आतल्या तारांवरच्या कागदात ओल धरली की धोका. ती तपासायला पूर्वी अख्खा दिवस वीज बंद ठेवावी लागे. आमच्या नव्या मशीनला तास पुरतो. मशीन म्हणतं, कागद ओला. इथले साहेब म्हणतात, तपासणीच्या रजिस्टरात आकडे चांगले आहेत, तुमचं मशीनच खोटं.

रजिस्टर पाहिलं. तीन वर्षं तेच आकडे, फक्त तारीख वेगळी. अक्षर बाबांचं. हे दाखवलं तरच साहेब ऐकतील. पण बाबांचे मित्र सयाजीकाका तर, स्फोट बाबांच्या चुकीनं झाला हा ठपका पुसायला अर्ज घेऊन फिरताहेत. काय करू?

तब्येत जप, लोभ असू दे.
तुझी मिनल

पुनावळे, ता. १४ मार्च

चि. मिनल हिस,
आजीचा जयभीम.

तुझं अक्षर बापापेक्षा वाईट हाय. वाचायला दुपार गेली.

मला ठाऊक होतं. बुद्धरत्न जेवताना बोलला होता. दिवसभर वीज बंद करा म्हटलं की साहेब हसायचे, अन् रजिस्टर तर भरायलाच पायजे. मग हा मागच्या पानावरनं उतरवायचा. मी म्हटलं, लेका, असं करू नये. तर म्हणाला, "आई, सगळेच लिहितात." मग मी त्याला भाजी वाढली.

त्याला आता ठपका लागत न्हाई. तिथं आता कोण काम करतंय, ते तू लिहिलं न्हाईस. त्यालाबी आई असंल. रजिस्टर दाखव. रडत दाखवू नको. लोक रडण्याकडं बघतात, कागदाकडं न्हाई.

उत्तर उशिरा दे, काम आधी कर.
तुझी आजी चिमाबाई

चाकण, ता. १९ मार्च

ती. आजीस, जयभीम.

दाखवलं. साहेबांनी एकेक तारीख बोट ठेवून पडताळली. दुपारी ट्रान्सफॉर्मर बंद केला. तिथं सुजित म्हणून एक जण असतात, दोन मुलींचे वडील.

सयाजीकाकांना सांगायचा धीर होत नाही. माया कमी करू नकोस.
मिनल

पुनावळे, ता. २२ मार्च

चि. मिनल, जयभीम.

सयाजीला मीच बोलावून सांगितलं. तो रडला. लेक माझा गेला, अन् पाणी मलाच त्याला द्यावं लागलं. अर्ज फाडायला निघाला होता. मी म्हटलं, फाडू नको, नवा लिही. आकडे माझ्या लेकानं लिहिले, अन् तपासायला दिवस कुणी दिला न्हाई. दोन्ही लिही.

त्यानं विचारलं, ह्याच्यावर पहिली सही कोण करणार? मी केली. मला काई वाटलं न्हाई. अजून वाटत न्हाई.

रविवारी जेवायला ये.
तुझी आजी