झुंबर पाठवण्याविषयी

ती. ताईस,

नमस्कार लांबूनच घे. जवळ आलीस तर पायात काच जाईल. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? आम्ही दोघंही ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

ताई, सगळं संपलं. आईनं ठरवून दिल्याप्रमाणे तिचं फ्रेंच झुंबर इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं, आता पुढं ते तुझं. तू टेम्पो ठरवलास आणि मी ते उतरवलं. (उतरवलं वायरमनने. मी शिडी धरून देवाचं नाव घेत होते.) जांभळ्या काचेचे द्राक्षांचे घड, हिरवे पेअर, गुलाबी फुलं, ज्यांची एकेक पाकळी काच तापलेली असताना चिमट्याने ओढून केलेली, सगळं चादरीवर मांडलं. प्रत्येक वस्तूला तिची जागा असते, हे शाळेत सिस्टरांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं. म्हणून एकेका फळाफुलाला मी डिंकाने चिठ्ठी चिकटवली: कुठली फांदी, कुठला आकडा, निळ्या शाईत, शाळेच्या त्या वळणदार अक्षरात. ह्यांनी चक्क कौतुक केलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मग तुझ्याकडे धुळकट कसं पाठवायचं, म्हणून सगळं कोमट पाण्याच्या टबात भिजत घातलं.

चिठ्ठ्यांसकट.

चहा घेऊन परत येते तर काचा तळाशी, कागद वर तरंगताहेत आणि माझं अक्षर पाण्यात विरघळलेलं. हे टबावर वाकून म्हणाले, "वा! आता पाण्यालाच विचार, कुठलं द्राक्ष कुठलं ते." पितळी सांगाडा परत टांगून आम्ही जुळवायला घेतलं. हे म्हणायचे घड आत, मी म्हणायची बाहेर. (आईला विचारावं, असं दोनदा तोंडातून निघून गेलं.) पहिल्या खेपेला सगळे पेअर एकाच बाजूला गेले आणि झुंबर मान मुरगळल्यासारखं लटकलं. वायरमन म्हणाला, "बाई, ह्यापेक्षा ट्यूबलाइट बरी." मी शिडीच्या पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडले. अशा अवस्थेत ते तुझ्याकडे कुठल्या तोंडाने पाठवू?

तुझी हताश,
धाकटी

ता. क. टेम्पोवाल्याला मी परस्पर येऊ नको म्हणून कळवलं आहे. रागावू नकोस.

आणखी एक ता. क. खरं सांगू? वर लिहिलेलं सगळं घडलं, पण ते मागच्या महिन्यात. झुंबर आता सरळ लटकतंय. चुकलं असेल तर फक्त आईला कळेल. पण ते जुळवताना आम्ही दोघं जेवढं भांडलो, तेवढं बोलणं लेक गेल्यापासून ह्या घरात झालं नव्हतं. अजूनही हे रोज जेवताना वर बघतात आणि एखादा घड चुकीचा आहे म्हणून वाद उकरून काढतात. एवढं वर्ष राहू देशील का गं?

शेवटचं. नाही म्हणू नकोस. तू हो म्हणालीस, असं मी ह्यांना सांगून बसले आहे.