हर्षालीच्या हातचं लोणचं

४ डिसेंबर
आजपासून बिझनेस. लोणच्याचा. साधं नाही. गाजर, काकडी, हिरवी मिरची, वर व्हिनेगर-मिठाचं पाणी आणि त्यात बिअर. मोबाईलवर एक परदेशी माणूस करत होता. अख्ख्या इंदिरानगरात कुणाला सुचलेलं नाही. कॉलेज मधेच सोडलं ते याचसाठी, हे आज कळलं. वरच्या मजल्यावरच्या हर्षालीच्या घरचे विचारणारच, मुलगा काय करतो? तर उद्योजक. हर्षालीला अजून काही सांगितलेलं नाही. आधी सेटल व्हायचं.
बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आले. म्हणाले, कॉलेज अर्धं सोडलंस, लोणचं तरी पूर्ण घाल. संकल्प : राग आवरणे.

५ डिसेंबर
भाजीवाल्याशी भांडण. चूक त्याची. माझा दोस्त गोरक्षने बिअर आणली. अर्धी बरणीत गेली, अर्धी गोरक्षमध्ये.

९ डिसेंबर, सकाळी
बरणीचं झाकण उडालं. आत गॅस धरला होता. मीच घट्ट लावलं होतं, कारण लोणच्याला हवा लागू द्यायची नसते. मिरच्या थेट देवघरात. आईने सगळे देव पुन्हा धुतले.
रिसर्चमध्ये असं होतं.

२ जानेवारी
दुसरी बरणी फर्स्ट क्लास. हर्षालीच्या आईला, आशाकाकूंना, नेऊन दिली. बिअरचं बोललो नाही. ट्रेड सीक्रेट. आतून हर्षालीने विचारलं, कोण आलंय गं? काकू म्हणाल्या, कोणी नाही, खालचा.
तिने स्वतःहून चौकशी केली!

८ जानेवारी
रविवारी हर्षालीला बघायला सिन्नरचं स्थळ येतंय. रविराज. कारखान्यात सुपरवायझर. तडक सिन्नरला जाऊन त्याची कॉलर धरणार होतो. बसस्टँडवर गोरक्षने माझी धरली. म्हणाला, येड्या, त्यांचं घर माळकरी हे. पंगतीत कोणी पिऊन आला ना, तर पोराचा बाप पानावरून उठतो.
मग शांत झालो. बरणी काकूंकडेच आहे. पानात वाढली की स्थळ संपलं. मला हात उचलायचीही गरज नाही.

११ जानेवारी, रविवार
दुपारभर जिन्यात उभा. उठून जाणाऱ्यांना बघायला. कोणी उठलं नाही.
संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या. रविराजच्या वडिलांनी लोणचं तीनदा मागून घेतलं म्हणे. कोणी केलं, असं विचारलं. अशा वेळी मुलीची आई जे सांगते तेच काकूंनी सांगितलं : सगळं हर्षालीच्याच हातचं. ते म्हणाले, मग आता बघायचं काय राहिलं?
ज्याने जन्मात बिअर चाखली नाही त्याला चव कळणार कशी? हे गोरक्षने आधी सांगायला हवं होतं. गोरक्षशी बोलणं बंद.

१२ जानेवारी
सत्य सांगायला वर गेलो. दार हर्षालीने उघडलं. माझ्याशी पहिल्यांदाच बोलली, तीही सलग. म्हणाली, बिअर आहे ते मला पहिल्या फोडीलाच कळलं होतं. कुठे बोललास तर याद राख. मला रविराज आवडलाय. आणि हे बघ, लग्नानंतरही बरण्या लागतील, तू आणून देशील ना?
हो म्हणालो. तिचं माझ्याशिवाय चालणार नाही, हे तिने तोंडाने कबूल केलं आहे.

१९ एप्रिल
सिन्नरला बरणी पोचवली. बिझनेस आता तालुक्याला पोचला. बरणी हर्षालीने मागच्या दाराने आत घेतली. पुढच्या दारी तिच्या सासूबाई म्हणाल्या, सूनबाईच्या माहेरचे ना तुम्ही? बसा. आमच्या सूनबाईचं लोणचं न्या थोडं, तुमच्या आईला चाखवा. डबा भरून दिला.
रात्री आईने दोन फोडी खाल्ल्या. मग आणखी दोन. म्हणाली, याला म्हणतात हात. शीक जरा तिच्याकडून. बाबांनी आणखी एक पोळी मागितली.
मी काही बोललो नाही. शब्द दिलाय.
डबा रिकामा परत करू नये म्हणून आईने त्यात साखर भरून ठेवली आहे. पुढच्या खेपेला न्यायचा.