नेणाऱ्याचं नाव

१० जून २०२४, सोमवार. निपाणी
…गोठा झाडून झाला होता, दूध डेअरीला घातलं होतं आणि मी भाकरी थापत होते, तेव्हा निपाणीहून फोन आला की हे ऑफिसात खुर्चीतच गेले. त्याला आठ महिने झाले. आज त्या खुर्चीत मी बसले. खानापुराकडच्या खेड्यातल्या बाईला संगणकाचं काम कोण देतं? पण ह्या शिक्षणसंस्थेचे सचिव नेमिनाथआण्णा भला माणूस. ह्यांच्या पेटीतलं सर्व्हरचं पुस्तक मी दोनदा वाचून काढलं होतं, तेवढ्यावर त्यांनी घेतलं. आमची सौम्या अकरावीला इथल्याच वसतिगृहात आहे. खिडकीतून वसतिगृहाचं फाटक दिसतं. कारकून त्रिशलाआक्कांनी चहा दिला नि म्हणाल्या, “पुस्तक वाचून पोहायला शिकलीस व्हय गं? बघू, तरतीस का बुडतीस!” लई दिवसांनी हसले.

१४ जून, शुक्रवार
सगळे कागद एका सर्व्हरवर. पाच खोल्यांतले संगणक त्याला जोडलेले. कुठलं फोल्डर कोणी नुसतं वाचायचं, कोणी बदलायचं, ते मी ठरवायचं. घरासारखंच आहे, पाहुण्याला बाहेरचा सोपा, चूल फक्त घरच्यांना. प्रिंटरही सामायिक केला. कोणीही छापलं तरी कागद माझ्या टेबलाशी निघतो.
सोडून गेलेल्यांची नावं सर्व्हरच्या यादीतून पुसायची होती. तीन पुसली. चौथं ह्यांचं, भरमू. जन्मात कधी उच्चारलं नाही. एकदा कुंकू पुसलं तेवढं पुरे. राहू दिलं.

१९ जून, बुधवार
कोणी काय उघडलंय ते सर्व्हरवर दिसतं. जेवणाच्या सुट्टीत एकच नाव होतं. भरमू, खोली तीन.
खोली तीनला कुलूप. उघडून बघितलं. ह्यांचा जुना संगणक पोत्यात बांधलेला, वायरसुद्धा नाही. त्रिशलाआक्का म्हणाल्या, जुनं नाव आहे, यंत्राला स्वप्न पडतंय, पुसून टाक. मी ती यादी समोर ठेवूनच डबा खाल्ला. आठ महिन्यांनी कोणाच्या तरी सोबतीनं जेवले.

२२ जून, शनिवार
हे रोज येतात. नुसती जुनी पत्रं वाचतात. वाटलं, पोरीचे गुण, फोटो बघू देत. वसतिगृहाचं फोल्डर उघडून दिलं. वाचायची परवानगी पुरली असती. पण बापाला काय नुसतं वाच म्हणायचं? बदलायचीही दिली.

२५ जून, मंगळवार
प्रिंटर आपोआप चालू झाला. फाटकाचा पास निघाला. तो असल्याशिवाय मुलीला बाहेर सोडत नाहीत.
मुलीचं नाव: सौम्या. नेणार: वडील. २७ जून, दुपारी चार.
परत येण्याची तारीख — तिथं नुसती रेघ.
छापणारा भरमू. फाडला. पुन्हा निघाला.

२६ जून, बुधवार
नाव पुसलं. यादीत परत आलं. परवानगी काढली — परत. पासची फाईल पुसली — परत. सर्व्हरची वायर ओढली, तरी प्रिंटर —
नेमिनाथआण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ताई, चार दिवस गावी जाऊन या.
सौम्याला विचारलं. ती हसून म्हणाली, पप्पा फाटकापाशी भेटले, तिथं लई एकटं वाटतंय, चल म्हणाले. तिनं पिशवी भरून ठेवलीय. डोळे माझ्याकडे नव्हतेच.
संध्याकाळी एक कळलं. पास पुसता येत नाही. आतली नावं तेवढी बदलता येतात. तारखेला हात लावला, फिरून तीच आली. नावातलं एक अक्षर बदललं. ते टिकलं.

२७ जून, गुरुवार
सकाळी पासवरचं सौम्याचं नाव काढलं. तिथं माझं घातलं. वडील काढून नवरा लिहिलं. छापला. बदलला नाही.
सौम्या एकदम रडायला लागली. पप्पा गेले ना गं, म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिला त्रिशलाआक्कांच्या घरी पाठवलं.
चारला दहा कमी असताना फाटकात येऊन बसले. पास मांडीवर आहे. ऊन आहे.
कोणी येतंय. चपला ह्यांच्याच. चालही. पण तोंड —