पेटीवरचं काळं कापड

३ नोव्हेंबर
…दूध तापवलं, केर काढला, ह्यांच्या खोलीतल्या पेटीवरचं काळं कापड उचलून खिडकीत झटकलं, पेटीच्या काचेवर फडकं फिरवलं, कापड परत घातलं. आठ वाजता हे वही घेऊन पेटीपाशी बसले, आतल्या ट्रान्झिस्टरचा करंट मोजायला. ह्यांच्या शेवटच्या वर्षातली कुठलीही सकाळ अशीच.
हे जाऊन दहा महिने झाले आणि आता लेक म्हणते, बाबांचं मॉडेल चुकलंय. नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज दिलं की काही इलेक्ट्रॉन आत अडकतात, करंट कमी होतो. ते एका रात्रीत सुटतात, असं ह्यांचं मॉडेल. लेकीच्या लॅबमध्ये चार चार दिवस सुटत नाहीत. हाच ट्रान्झिस्टर ॲम्ब्युलन्समधल्या श्वासाच्या यंत्रात बसणार. वीस तारखेला मॉडेल बरोबर आहे म्हणून तिची सही व्हायची आहे.
ह्यांचं पुस्तक उद्यापासून रोज दहा पानं वाचणार. चूक तिचीच निघेल.

५ नोव्हेंबर
दोन पानं. पण पक्की.

९ नोव्हेंबर
लेकीला फोन. तुमचं मशीन बिघडलं असेल, म्हटलं. तीन मशीन आहेत आई, म्हणाली. तिन्ही बिघडू शकतात, म्हटलं. हसली नाही. काल चाचणीत एक ट्रान्झिस्टर तापून जळाला म्हणे. केस दोनदा धुतले तरी वास जात नाही, म्हणाली.

१४ नोव्हेंबर, दुपारी
पान एकसष्ट. उजेड पडला की अडकलेले इलेक्ट्रॉन लवकर सुटतात, म्हणून अंधारात मोजावं. सापडलं! लगेच फोन केला, तुमच्याकडे उजेड शिरतोय म्हणून. ती म्हणाली, मग आमचे लवकर सुटले असते ना गं. मग तिने विचारलं, बाबांच्या पेटीवर कधी उजेड पडायचा का. शक्यच नाही, म्हटलं.

१५ नोव्हेंबर
पेटीला हात लावू नकोस, एवढंच हे म्हणाले होते. कापडाचं काही बोलले नव्हते. आणि मिनिटभरात काय होतंय. खिडकी पूर्वेची आहे, पण पडदा असायचा. बहुतेक.

१७ नोव्हेंबर
ह्यांची वही काढली, मनाची खात्री म्हणून. वर्षभर करंटचा सकाळचा आकडा छान वर आलेला. फक्त मी आठ दिवस बहिणीकडे गेले होते, तेव्हाचे आठही आकडे खाली. ह्यांनी त्यांच्यावर काट मारलीय. समासात लिहिलंय: मापनात काहीतरी बिघाड. ही घरात नसली की एक गोष्ट धड होत नाही.
किती वेळा वाचलं.

१८ नोव्हेंबर
लेकीला सांगायचं नाही. माणूस गेल्यावर त्याच्या वहीत काय ढवळायचं. ती हुशार आहे, तिचं ती शोधेल.

१९ नोव्हेंबर
सकाळी सवयीने कापड उचललं. तसंच हातात धरून बसले. पेटीच्या काचेवर ऊन आलं होतं. पडदा नव्हताच कधी.
रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. आवाज लांब जाईपर्यंत उठवलं नाही.

२० नोव्हेंबर
पहिल्या बसने लेकीच्या लॅबमध्ये गेले. सहीच्या आधी तिच्या हातात वही दिली, आणि रोज सकाळी कापड कोण उचलायचं ते सांगितलं.