दोन लिटर पाणी

ता. ४

चि. ताईस,
अ. उ. आ.

तेलाची पत्र्याची टाकी झाली एकदाची. गिऱ्हाईक मोठं चिकट, म्हणतं दाब देऊन तपासा. मग मी शक्कल काढली. टाकी पाण्याने काठोकाठ भरून पन्नास बाय पन्नास सेंटीमीटरचं झाकण डाग देऊन पक्कं बंद करायचं. झाकणातून बोटाएवढी नळी थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत न्यायची, दहा मीटर उंच, आणि वरून पाणी ओतायचं. दोन लिटरमध्ये काम!

झाकण हलू नये म्हणून तुझी वहिनी नेहमीसारखी त्यावर बसून विणकाम करणार. म्हणते, माझं वजन बघूनच मागणी घातलीत. आठ तारखेला सकाळी तपासणी. मास्तरीणबाई, जमेल ना?

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा दादा

ता. ६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीला तिथे बसवू नकोस! आकडा मी तीनदा मांडून पाहिला. पाणी किती हे दाब विचारतच नाही, फक्त उंची बघतो. दहा मीटर म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. तुझं झाकण पन्नास बाय पन्नास, म्हणजे अडीच हजार चौरस सेंटीमीटर. अडीच टन, दादा, खालून वर! वर्षानुवर्षं हे फळ्यावर लिहिते, पण त्यावर आपलं माणूस बसलेलं कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. रागावलास तरी चालेल, पण ऐक.

तुझी ताई

ता. ९

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

काल टाकी फाटली. हे झाकणावरून भिंतीवर आदळले. खुब्याचं हाड मोडलंय. जिवावरचं टळलं, पण पुन्हा चालतील का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

वरून पाणी मी ओतत होते. दोन लिटर संपलं तरी नळी भरेचना. मला वाटलं, कुठेतरी गळतंय. यांची थट्टा करत मी आणखी ओतलं. खाली झाकण यांच्यासकट फुगत होतं, वन्सं, आणि मी ओततच होते.

तुमच्या मनाला लागू नये म्हणून यांनी मला लिहायला सांगितलंय की तुमचं पत्र उशिरा मिळालं. मला खोटं लिहवत नाही. पत्र आदल्या दिवशीच आलं होतं. वाचून हे खो खो हसले, ताईचं एक शून्य जास्त पडलं म्हणाले. तरी मला उठवलं, आणि माझ्याहून जड म्हणून स्वतः बसले.

जमेल तितक्या लवकर या.
तुमची वहिनी